बुक्क्याचा वास

उज्ज्वलावैनींनी पिशवीतून शर्ट काढून कटिंगच्या टेबलावर पसरला तेव्हा हौशीरामच्या हातातली कात्री अर्ध्या कापडात होती, आणि ती तिथंच थांबली. पांढरा, बिनकॉलरचा, तीन गुंड्यांचा शर्ट. कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. डाव्या खिशाला आतून मारलेली दुहेरी शिलाई त्याची स्वतःची होती. वैनींचा नवरा आणि त्याचा वाडीतला सोबती दादाभाऊ त्या खिशात बुक्क्याची डबी ठेवायचा, खिसा ओघळायचा, आणि दर सहा महिन्यांनी जुन्नरला दुकानात येऊन म्हणायचा, राव, एवढे मोठे शिंपी आन् तुमचा टाका टिकत न्हाई. दादाभाऊला जाऊन आता महिन्याभरात वर्ष होणार होतं. वैनी म्हणाल्या की खांद्यातून बोटभर आत घ्यायचा, बाह्या आहेत तशाच राहू द्यायच्या, पोराला, समाधानला, बाकी अंगात बरोबर बसतो. मग रिकाम्या पिशवीची घडी घालता घालता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्यांनी सांगितलं, "बापाचा पहारा औंदा त्याच्याकडं दिलाय. म्हंजे तुमच्याच हातनं घेनार तो वीणा."

पुढच्या रविवारी बाजाराला येईन तेव्हा नेईन म्हणून त्या पायरी उतरल्या. पाडवा कालच झाला होता. मास्कची सक्ती सरकारनं उठवली होती आणि बाजारपेठेच्या गल्लीत माणसं वर्षानुवर्षं कोंडलेली असावीत तशी तोंडं उघडी टाकून बोलत होती. हौशीरामच्या तोंडावर मात्र दोन मास्क होते, एकावर एक, दोन्ही त्यानंच शिवलेले. वैनी वळणापलीकडं गेल्याची खात्री करून त्यानं दोन्ही खाली ओढले, शर्ट उचलून नाकाशी धरला आणि खोल श्वास घेतला. ट्रंकेतल्या डांबरगोळीचा वास. पुन्हा घेतला. डांबरगोळी. तिसऱ्यांदा घेतला, आणि तेव्हा कुठं छाती जागेवर आली, तीही अर्धीच. समोरच्या किराणावाल्या धर्माजीनं हे पाहिलं आणि विचारलं की काय मास्तर, गिऱ्हाइकाची कापडं हुंगून घ्यायला लागला काय. हौशीराम हसला. हसणं त्याला बरं जमायचं.

येडगावच्या धरणाकाठी त्यांची वाडी. वाडीत मारुतीचं देऊळ, आणि देवळात चैत्रातला अखंड नामाचा सप्ता, सत्तेचाळीस वर्षं न चुकलेला. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला लागायची नाही. एकाच्या गळ्यातून निघायची ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची, दोन दोन तासांचा पहारा, आणि वीणा गळ्यात आहे तोवर नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. पहारा बदलताना येणारा आधी वीणेच्या पाया पडतो, मग जाणाऱ्याच्या कपाळाला बुक्का लावतो, पट्टा ह्या मानेवरून त्या मानेवर सरकतो, आणि मग दोघं एकमेकांना पोटाशी धरतात. हौशीराम लहानपणापासून कीर्तनातला माणूस. मागं टाळ घेऊन उभं राहावं, बुवांनी चाल उचलावी, आपण ती झेलावी, हेच त्याचं सुख. पण त्याहून मोठं सुख त्या बुक्क्याच्या चिमटीत होतं. बोट कपाळाला टेकलं की तो डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा. कचोरा, नागरमोथा, चंदनाचा भुसा, आणि त्यामागं कुठंतरी ओल्या दगडाचा गारवा. दादाभाऊ त्याची नक्कल करायचा. म्हणायचा, हौशीरामला देव डोळ्यानं न्हाई, नाकानं दिसतो.

गेल्या चैत्रात सगळं बंद होतं. देवळं बंद, रस्त्यावर पोलीस, मंचरच्या बाजूला ॲम्ब्युलन्सचे आवाज. पण सप्ता मोडायचा नाही, म्हणून कुणाला आत न घेता मोजक्याच विणेकऱ्यांनी पहारे वाटून घेतले. पंगत नाही, कीर्तन नाही, भेट नाही. मास्क हौशीरामनंच शिवून दिले, सगळ्या वाडीला दिले, पिवळ्या लुगड्याच्या कापडाचे. आणि तरी एक चूक सगळ्यांनी मिळून केलीच. पहिल्या दिवशी रामनाथबुवांनी वीणा घेतली आणि मास्क हनुवटीखाली ओढला. तोंड बांधून देवाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणाले. बहात्तर वर्षांचे बुवा, त्यांच्यापुढं कोण बोलणार. सगळ्यांनी मास्क ओढले. पट्टा मानेवरून मानेवर जाताना दोन तोंडांत वितीचं अंतर राहायचं, आणि दोन्ही तोंडं उघडी, दोन्ही तोंडांत नाम.

शेवटच्या दिवशी, काल्याच्या सकाळी, सहा ते आठ हौशीरामचा पहारा होता, आठ ते दहा दादाभाऊचा, दहा ते बारा रामनाथबुवांचा, आणि मग वीणा खाली ठेवायची. सात वाजल्यापासून हौशीरामच्या पोटऱ्या भरून येत होत्या. उभं राहून राहून होतं असं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आठ वाजता दादाभाऊ आला, दारात हात धुतले, वीणेच्या पाया पडला, खिशातून डबी काढली आणि बोट हौशीरामच्या कपाळावर टेकलं. हौशीरामनं डोळे मिटून श्वास घेतला. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. त्यानं पुन्हा घेतला. काही नाही. तिसऱ्यांदा घेतला, आणि त्या तिसऱ्या श्वासाच्या आत, तो पुरा व्हायच्या आधी, त्याला सगळं कळलं होतं. टीव्हीवर रोज सांगत होते. वास जाणं म्हणजे काय ते पोराटोरांना पाठ होतं. त्यानं डोळे उघडले तेव्हा दादाभाऊ त्याच्याकडं बघत होता. तेव्हा बोलता आलं असतं. पण वीणा गळ्यात होती आणि वीणा गळ्यात असताना बोलायचं नसतं. शिवाय बोललं तर ती घेणार कोण, आणि कुणी घेतली नाही तर ती टेकवायची कुठं, इतक्या वर्षांत जी फरशीला लागली नाही ती काल्याला चार तास राहिले असताना? आणि बुक्का जुना असेल. गेल्या सालचा असेल, दादाभाऊ कंजूष आहेच. हे सगळं एका श्वासात येऊन गेलं. मग त्यानं मान वाकवली आणि पट्टा दादाभाऊच्या मानेवर सरकला.

त्या दिवशी दादाभाऊनं रामनाथबुवांना दारातूनच हातानं खूण करून परत फिरवलं आणि दोन्ही पहारे एकट्यानं केले. बारा वाजता त्यानं आपल्याच हातानं वीणा ठेवली, कुणाला जवळ न घेता. वाडी म्हणाली, केवढी भक्ती. चौथ्या दिवशी दादाभाऊला धाप लागली. हौशीरामला नुसता दोन दिवस ताप येऊन गेला, तपासणी उशिरा झाली, तोवर दादाभाऊ ऑक्सिजनवर होता. आणि बाराव्या दिवशी पांढऱ्या पिशवीतून, वाडीला न येता, परस्पर गेला.

माणूस गेल्यावर वाडीला कारण लागतं. दादाभाऊ तरकारी घेऊन बाजाराला जायचा, दहा गावच्या माणसांत मिसळायचा, आधी आजारी तोच पडला. तेव्हा ठरूनच गेलं की दादाभाऊनं रोग देवळात आणला आणि बिचाऱ्या हौशीरामला दिला. हे कुणी वाईट बुद्धीनं म्हणत नव्हतं. इंद्रायणी, त्याची बायको, तीही एकदा भाकरी थापता थापता म्हणाली की गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण थोडी काळजी घ्यायला पायजे व्हती भाऊजींनी. हौशीराम ताटावर होता. त्यानं घास चावला, गिळला, आणि आमटीला मीठ बरोबर आहे असं सांगितलं.

तेव्हापासून सकाळ हिंगाच्या डबीनं सुरू व्हायची. आधी हिंग, मग खोबरेल, मग दुकानात आल्यावर मशीनच्या तेलाची कुपी, प्रत्येक तीनदा. वास दहा-पंधरा दिवसांतच परत आला होता, डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती. पण नाक आपल्याला फसवत नाही कशावरून? आता येतोय, दुपारी गेला तर? गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावताना तो श्वास कोंडून धरायचा, आणि कोंडलेला श्वास सोडायला मागं रस्त्याला जायचा. कीर्तनाला जाणं त्यानं सोडलं. गळा बसलाय म्हणायचा. पण कीर्तन त्याला सोडत नव्हतं. मशीनचं पायडल हलू लागलं की डोक्यात एक बुवा उभे राहायचे, पगडी नाही, चेहरा नाही, नुसता आवाज. बुवा शंका काढायचे, जशी कीर्तनात काढतात: का हो श्रोते, ह्याला ठाऊक होतं की नव्हतं? मागून टाळकरी झेलायचे, ठाऊक होतं, ठाऊक होतं. मग बुवा विचारायचे, मग ह्यानं दिली कशी? आणि इथं कीर्तन अडकायचं. निरूपण पुढं सरकायचंच नाही. सगळी उभी माणसं टाळ धरून त्याच्याकडं बघत राहायची आणि तो खाली मान घालून काजं करत राहायचा, एका शर्टाला सातच्या जागी आठ.

दिवाळीनंतर इंद्रायणीनं त्याला मंचरला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मनाच्या डॉक्टर आहेत हे तिनं एसटीत बसल्यावर सांगितलं, म्हणजे उतरता येऊ नये. बाई तरुण होत्या, त्यांना घाई नव्हती. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, डबीचं विचारलं, आणि हे साथीनंतर लई जणांना झालंय असं त्याच्याच बोलीत सांगितलं. गोळ्या दिल्या, त्यानं झोप लागायला लागली. निघताना त्या म्हणाल्या की काका, तुम्ही सगळं सांगितलंत, पण मला वाटतंय एक वाक्य राहिलंय. मला नका सांगू, पण ज्याचं आहे त्याला सांगा. हौशीरामनं हात जोडले. परत येताना त्यानं गोळ्यांच्या पाकिटाचा वास घेऊन पाहिला.

आणि वर्षभर उज्ज्वलावैनी दुकानात येत राहिल्या. कधी उशांचे अभ्रे, कधी परकराचा नाडा, कधी दोन बोटं उसवलेली पिशवी. आल्या की बाकावर बसायच्या, पाणी मागायच्या, तब्येत कशी हाय भाऊजी म्हणायच्या, आणि गप्प बसून राहायच्या. हौशीराम मशीन जोरात चालवायचा. त्या समोर असताना त्याला वाटायचं आपल्या कपाळावर काहीतरी लिहिलेलं आहे आणि त्या वाचतायत. गेल्यावर घामानं बनियन अंगाला चिकटलेलं असायचं. तो कामाचे पैसे घ्यायचा नाही. त्या ते मुकाट्यानं टेबलावर ठेवून जायच्या.

आता हा शर्ट. सोमवारी त्यानं खांदा उसवला. मंगळवारी पुन्हा शिवला. बुधवारी पुन्हा उसवला, गुरुवारी शिवून परत उसवला, कारण टाका टिकणार नाही असं वाटलं. समाधान चोवीस वर्षांचा, बापासारखाच उंच, बापासारखाच पुढं वाकून बोलणारा. वितीचं अंतर. आजार आता नाही, सगळे म्हणतायत नाही. पण नाही कशावरून? शुक्रवारी त्यानं ठरवलं की पाय मुरगळल्याचं सांगायचं आणि पहारा वाडीतल्या पप्पूला द्यायचा. शनिवारी त्यानं लंगडून पाहिलं. इंद्रायणी बघत होती. तिनं कोणता पाय असं विचारलं, आणि त्याला आठवेना.

रविवारी बाजार भरला होता. वैनी आल्या, बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या. त्यानं शर्ट पुढं केला. त्यांनी खांद्याची शिलाई बोटानं चाचपली, नखानं ओढून पाहिली आणि घडी घालायला घेतली. हौशीरामनं तोंडावरचे दोन्ही मास्क खाली ओढले. का ओढले ते त्यालाही कळलं नाही.

"वैनी, त्या दिवशी मला बुक्क्याचा वास आला नव्हता."

वैनींनी एक बाही आत दुमडली, दुसरी दुमडली.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

रस्त्यावर कुणीतरी कलिंगडाचा भाव ओरडत होतं. हौशीरामला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. वैनी शर्टाकडंच बघत बोलत राहिल्या. "त्या दुपारी हे घरात आलेच न्हाईत. अंगणात बसले, चिंचेखाली. म्हनले, पोराला लांब ठेव, माझं ताट हितं सरकव. मी म्हनलं काय झालं. तर म्हनले, हौशीरामनं आज बुक्का तीनदा हुंगला."

तीनदा. हिंगाची डबी, खोबरेलाची बाटली, तेलाची कुपी. तो कशाची मोजणी करत होता वर्षभर, ते त्याला पहिल्यांदाच दिसलं.

"मग घेतली कशाला त्यानं?"

"मीबी तेच म्हनलं. म्हनले, मी न्हाई घेतली तर रामनाथबुवा घेतील, म्हाताऱ्याला ते झेपायचं न्हाई. आन् खाली ठेवली तर हौशीराम जन्मभर मनाला लावून घेईल, मला त्याचा सोभाव ठावं हाय." त्यांच्या आवाजात आता धार आली. "तेवढ्याचसाठी बुवांना येऊ दिलं न्हाई. लोक म्हनले भक्ती. भक्ती व्हती का खुळेपना, मला अजून कळलं न्हाई. लई राग येतो मला त्यांचा. तुमचाबी येतो."

हौशीरामनं टेबलावरची कात्री उचलली आणि परत ठेवली. वैनी म्हणाल्या, "माझ्या घरात शिवनमशिन हाय, भाऊजी. तिचा पट्टा तुमीच येऊन बसवून दिलाय. मग मी अभ्रे घेऊन पाच कोस कशाला येत व्हते, ह्ये एकदाबी डोक्यात आलं न्हाई तुमच्या?"

आलं होतं. दर वेळी आलं होतं, आणि दर वेळी त्यानं पायडल जोरात मारलं होतं.

"वाडी म्हनती ह्यांनी रोग आनला. समाधानला पारावर तोंडावर म्हनले. मी बोलले असते तर बाईनं मेलेल्या नवऱ्याची बाजू घेतली म्हनले असते. म्हनून वाट बघितली, तुमी बोलाल." त्यांनी शर्ट पिशवीत घातला. "आता मला सांगून मी त्याचं काय करू? जितं वीणा दिली तितं सांगा."

"वीणा गळ्यात असताना बोलता येत नाही."

"तवाबी न्हाई बोललात," वैनी उठत म्हणाल्या. "त्यानं काय वाचलं?"

संध्याकाळी बाजार करून इंद्रायणी मोटारसायकलवर मागं बसली. त्यानं गाडी चालवता चालवता सगळं सांगितलं, तिच्याकडं पाठ होती म्हणून सांगता आलं. धरणाचं पाणी दिसलं. तेव्हा ती म्हणाली, "मग ती हिंगाची डबी मी वरच्या फळीवर ठेवते आता."

त्याच रात्री सप्ता बसला. दोन वर्षांनी माणसं देवळात आली होती, पंगती उठत होत्या, स्पीकर लागला होता. हौशीराम एकाही कीर्तनाला आत गेला नाही. चपलांपाशी उभा राहून ऐकायचा आणि तसाच घरी यायचा. काल्याच्या दिवशी सहाला त्यानं वीणा गळ्यात घेतली. मारुतीसमोर रामनाथबुवा बसलेले, भिंतीशी टाळकरी, डाव्या अंगाला बायका. त्यात इंद्रायणी, आणि खांबापाशी उज्ज्वलावैनी, पदर डोक्यावर घट्ट. तार छेडत तो पुढं मागं पावलं टाकू लागला. सात वाजले. पोटऱ्या भरून आल्या, तशाच. डोक्यातले बुवा उभे राहिले, का हो श्रोते. दाराकडं बघायचं नाही असं ठरवूनही तो दाराकडं बघत होता, आणि आठ वाजायला पाच मिनिटं असताना दारात तो शर्ट आला. समाधाननं पाय धुतले, आत आला, वाकून वीणेच्या पाया पडला. खिशातून बापाची डबी काढली.

"थांब," हौशीराम म्हणाला.

गळ्यात वीणा असताना उच्चारलेला तो शब्द सगळ्या देवळानं ऐकला. त्याचं बोट तारेवरून सुटलं. रामनाथबुवांनी मान वर केली. टाळ एकामागून एक अडखळले आणि थांबले, आणि जिथं सात दिवस आवाज तुटला नव्हता तिथं एक भोक पडलं. त्या भोकात उभं राहून हौशीराम बोलला. माइक समोरच होता, त्यामुळं कुजबुजला तरी शेतापर्यंत गेलं.

"रोग दादाभाऊनं न्हाई आनला. त्या दिवशी मला बुक्क्याचा वास येत नव्हता, मला कळलं होतं, आन् तरी मी त्याला वीणा दिली. तोंड उघडलं न्हाई. त्यालाबी कळलं होतं. त्यानं बुवांसाठी घेतली, माझ्यासाठी घेतली. समाधान, आता तुला घ्यायची तर घे. न्हाई घेतलीस तर मी खाली ठेवतो. ठेवायलाच पायजे होती."

रामनाथबुवांनी हात कानाशी नेला, काहीतरी ऐकू न आल्यासारखा, आणि मग तो हात डोळ्यांवर आला. समाधान डबी उघडी धरून उभा होता. त्याचा जबडा हलत होता, बापाचा हलायचा तसा. हौशीरामनं खाली फरशीकडं पाहिलं. काळी फरशी, धुतलेली. इथं टेकवता येते, त्याला वाटलं. एवढंच तर होतं. तो वाकू लागला.

तेवढ्यात खांबापाशी टाळी वाजली. एक बाई, एकटी, जाड्याभरड्या, कीर्तनात कधी न लागलेल्या आवाजात नाम घेत होती. उज्ज्वलावैनी कुणाकडंही बघत नव्हत्या. डोळे उघडे, समोर मारुतीवर, आणि गालांवरून पाणी. दुसऱ्यांदा त्यांनी नाम उचललं तेव्हा इंद्रायणीनं झेललं. तिसऱ्यांदा बायकांची बाजू. मग मागून एक टाळ, मग दुसरा. तार अजून गप्पच होती, पण नाम चाललं होतं.

समाधाननं चिमूट उचलली. त्याचं बोट हौशीरामच्या कपाळाला जरा जोरातच टेकलं, रागानं टेकावं तसं, आणि तिथंच राहिलं. हौशीरामनं डोळे मिटून श्वास घेतला. कचोरा, नागरमोथा. की नुसतं तसं वाटलं? पुन्हा एकदा हुंगून बघावं असं त्याला वाटलं, फार वाटलं. त्यानं ते वाटू दिलं आणि मान वाकवली. पट्टा सरकला. तार वाजली. मग वीणा एका अंगाला धरून समाधाननं दुसऱ्या हातानं त्याला ओढलं, आणि हौशीरामचं नाक त्या शर्टाच्या खांद्यात गेलं, त्यानंच तीनदा उसवलेल्या शिलाईवर. तिथं अजून त्याच्या मशीनच्या तेलाचा वास होता.